पुढचा लिफाफा शुक्रवारी

गोधडीत रहस्य नसतं. आपल्याकडची गोधडी म्हणजे घरातला सगळ्यात उघडा कारभार. हा हिरवा तुकडा आत्याच्या इरकलीचा, हा पट्ट्यापट्ट्यांचा आजोबांच्या पायजम्याचा, हा मखमली तुकडा मावशीच्या लग्नातल्या पोलक्याचा. आणि त्या लग्नात कोण कुणावर रुसलं होतं, तेही पांघरताना ऐकायला मिळतं. आत काय भरलंय तेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असतं: जुनी लुगडी, धोतरं आणि पाहुण्यांसमोर अंथरायची लाज वाटते अशी एखादी चादर. त्यामुळे 'मिस्टरी क्विल्ट' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी संग्रहालयातल्या, रक्ताचे डाग पडलेल्या गोधडीबद्दल बोलणं चाललंय.

तसं काही नसतं. शेवट न सांगता शिवून घेतलेली गोधडी म्हणजे मिस्टरी क्विल्ट. पूर्ण झालेल्या गोधडीचं चित्र कुणी दाखवत नाही. कापड किती आणि कुठल्या रंगांचं, एवढंच आधी सांगतात. मग ठरल्या दिवशी एकेक सूचना येते. अमुक मापाचे इतके चौकोन कापा, ते तिरके छेदा, काळ्याला पांढरा जोडा, इस्त्री फिरवा आणि डब्यात भरून ठेवा. हा तुकडा मध्ये जाणार की काठाला, त्याचं टोक वर राहणार की खाली, हे विचारायचं नाही. सांगितलं तेवढं करायचं आणि पुढच्या सूचनेची वाट बघायची.

आता हे मराठी माणसाच्या स्वभावात बसणं कठीण. आमच्या घरात बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा ढीग होता, आणि झुंजार असो की काळा पहाड, वाचायची रीत एकच: आधी शेवटचं पान. खुनी आपल्यातला नाही ना, याची खात्री झाली की मग पहिल्या पानापासून निवांत. नाटकाला गेलो तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतच निकाल लागलेला असतो. पुढे तो चुकीचा ठरला, तर लेखकाचं चुकलं असं समजायचं. अशा संस्कारांत वाढलेली बाई शेवट माहीत नसलेलं काम हाती घेते आणि ते कुणालाही न विचारता नेटाने पुढे नेते, याचं माझ्या माहेरी अजून कुणी कौतुक केलेलं नाही. म्हणून ते मीच इथे करून घेते आहे.

या प्रकाराचा अमेरिकेत मोठा गोतावळा आहे. बॉनी हंटर या नामांकित गोधडीकार बाई वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे उरलेला देश स्वस्तातल्या टीव्हीसाठी दुकानांपुढे रांगा लावतो त्या शुक्रवारी, नव्या रहस्याचा पहिला भाग जाहीर करत आल्या आहेत. मग दर आठवड्याला एक भाग. उरल्यासुरल्या चिंध्या वापरण्यात या बाईंचा हात धरणारं कुणी नाही; बोटभर तुकडासुद्धा त्या टाकू देत नाहीत. त्यांची बरीच रहस्यं प्रवासात सुचलेली. २०१३ सालचं आयर्लंडमध्ये, २०१५ सालचं इटलीतल्या तस्कनीत, २०१६ सालचं फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये. २०१४ सालचं मी मुद्दाम मागे ठेवलंय, त्याच्याकडे नंतर वळू.

आमचा गट मात्र लहान. मिशिगनमधल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या तळघरात आम्ही जमतो. बहुतेकजणी निवृत्त. त्यांच्यात मी 'तरुण' ठरते, आणि हे विशेषण भारतात मला आता कुणी लावत नसल्यामुळे मी एकही बैठक चुकवत नाही. आमच्या म्होरक्या बाई शाळेत ग्रंथपाल होत्या. नजरेने गप्प बसवणं आणि तारखेला काम परत घेणं, या दोन्ही गोष्टी त्यांनी निवृत्त होताना शाळेत ठेवून न येता बरोबर आणल्या. अर्धं जग त्यांनी गुडघे बदलण्याआधी पाहिलं आणि उरलेलं नंतर. या खेपेचं रहस्य त्यांनी स्वतः रचलं आणि त्याला वर आणखी एक गाठ मारली. ही गोधडी त्यांना प्रवासात पाहिलेल्या एका इमारतीवरून सुचली म्हणे. कुठली इमारत, ते सांगणार नाहीत. रंगही आधी सांगणार नाहीत. गटाच्या पैशांतून कापड त्यांनीच आणून कपाटात कुलपात ठेवलंय, आणि एक शुक्रवार सोडून प्रत्येकीला लिफाफा मिळतो, त्यात कापड आणि कागद. तेव्हा गोधडी कशी दिसणार हे एक रहस्य, आणि ती कशासारखी दिसणार हे दुसरं.

इमारतीवरून गोधडी सुचणं यात नवल नाही. अमेरिकन गोधडीतल्या नमुन्यांची नावं वाचली तर गावाचा नकाशा वाचल्यासारखं वाटतं. लॉग केबिन आहे, कोर्टहाउस स्टेप्स आहे, पोटमाळ्याच्या खिडक्या आहेत, कॅथीड्रलची खिडकी आहे, शाळा तर आहेच. लॉग केबिनच्या मधोमध असलेला चौकोन परंपरेने लाल. ती घरातली चूल, असं सांगतात. त्याच्याभोवती पट्ट्या जोडत जोडत घर वाढत जातं, एका बाजूला उजळ रंग, दुसऱ्या बाजूला गडद, म्हणजे अर्धं घर उन्हात आणि अर्धं सावलीत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो लाल चौकोन बराच वेळ बघत बसले होते. इतकी वर्षं मी त्याला नुसता लाल चौकोन समजत होते.

मात्र या बायकांबरोबर प्रवासाला जाऊ नये. देवळात, चर्चमध्ये, राजवाड्यात शिरल्यावर सगळं जग मान वर करून छत बघतं. या खाली बघतात. फरशी दिसली की तिचा फोटो, मग जिन्याची जाळी, मग भिंतीतल्या विटा. सहप्रवाशांच्या बुटांचे जितके फोटो गोधडीवाल्यांकडे निघतील तितके चपलांच्या दुकानातही निघायचे नाहीत. त्यांचंही खोटं नाही म्हणा. पॉम्पेईत 'हाउस ऑफ द फॉन' नावाचं एक मोठं घर आहे. तिथल्या एका दालनाच्या फरशीत तीन छटांचे चौकटच्या आकाराचे दगड असे बसवलेत की पायाखाली घनाकृती ठोकळे रचून ठेवल्याचा भास होतो. व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये ते शहर राखेखाली गाडलं, आणि हाच नमुना अमेरिकेतल्या बायका 'टम्बलिंग ब्लॉक्स' म्हणून गेली दोनेकशे वर्षं शिवतायत. एवढं लांब कशाला, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात कधी गेलात तर वरची नक्षी आणि पुतळे पाहून झाल्यावर खाली बघा. इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या फरशा आहेत. दोन-तीन गोधड्यांचा ऐवज उभ्या उभ्या मिळेल. आपल्या पायांकडे बघणाऱ्या बाईकडे रखवालदार जरा संशयाने बघतो, पण त्याला इलाज नाही.

असो. लिफाफे सुरू झाले, आणि शिवणारी मी असले तरी शोध घेणं नवऱ्याने परस्पर आपल्याकडे घेतलं.

पहिल्या लिफाफ्यात काळं आणि पांढरं कापड निघालं, अरुंद पट्ट्या. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "सिएना." तिथल्या कॅथीड्रलच्या भिंती आणि घंटाघर गडद आणि पांढऱ्या संगमरवराच्या आडव्या पट्ट्यांचं आहे, आणि आमची इटलीची सहल झालेली असल्यामुळे आमच्या घरात इटलीबद्दल अधिकाराने बोललं जातं. दुसऱ्या लिफाफ्यात हिरवा रंग आला. सिएना तत्काळ मागे घेण्यात येऊन फ्लॉरेन्स जाहीर झालं. तिसऱ्यात गुलाबी निघाला आणि मग काय विचारता! कराराचा पांढरा संगमरवर, प्रातोचा हिरवा, मारेम्माचा गुलाबी. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलला हेच तीन दगड. "लिहून ठेव, तारीख घाल," असा मला हुकूम झाला. मी त्याला म्हटलं, "ज्या दर्शनी भागापुढे उभं राहून तू मध्ययुग, मध्ययुग करत होतास ना, तो १८८७ साली पुरा झाला. व्हीटीची इमारतसुद्धा तोवर जवळपास उभी राहिली होती." यावर तो म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध?" इथे संबंध नव्हता हे खरं, पण संसारात प्रत्येक मुद्द्याला संबंध लागतोच असं नाही.

चौथ्या लिफाफ्यातून फिरोजी रंग निघाला. ऐन फिरोजी. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर असा रंग शोधूनही सापडत नाही. नवरा जेवणभर गप्प होता. आमटी वाढून घेताना त्याने एकदम मान वर केली आणि आम्ही समरकंदला पोचलो. रेगिस्तान चौक, तीन मदरसे, निळे घुमट. मग आधीच्या गुलाबीचं काय करायचं? "वाळवंटातला सूर्यास्त." आणि हिरवा? "कलिंगडं. उझबेकिस्तानात फार छान कलिंगडं मिळतात." आता कलिंगडांना स्थापत्यात धरायचं की नाही यावर मी वाद घातला नाही.

माझं लक्ष पाव इंचावर होतं. क्विल्टच्या शिवणीला पाव इंच माया सोडायची, हा या धंद्यातला पहिला आणि शेवटचा कायदा. त्यातही पाव इंच म्हणजे पाव इंच नव्हेच. त्याहून दोऱ्याच्या जाडीइतका कमी, कारण कापड उलगडून इस्त्री केलं की घडीत थोडंसं जातं. आणि या थोडंसंची किंमत जबर असते. एका शिवणीत इंचाचा सोळावा भाग जादा गेला, तर तुकड्याच्या दोन्ही बाजू धरून आठवा भाग जातो, आणि असे आठ तुकडे ओळीने जोडले की अख्खा इंच गायब. मिस्टरी क्विल्टमध्ये याची आणखी गंमत. नेहमीच्या गोधडीत चूक पुढच्या ओळीतच दिसते. इथे ती डब्यात इस्त्री करून, घडी घालून, मानाने ठेवलेली असते, आणि सगळे डबे जमल्यावर शेवटच्या महिन्यात उठून बोलायला लागते. म्हणून प्रत्येक तुकडा जागच्या जागी मोजायचा. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने कौतुकाने आपलं व्हर्नियर कॅलिपर आणून दिलं आणि 'टॉलरन्स किती?' असं विचारलं. ते कॅलिपर सुती कापडाला लावलं की कापड दबतं आणि मोजमाप बदलतं, हे त्याला मान्य नाही. कापडाने दबायला नको होतं, असं त्याचं म्हणणं आहे.

शिवण्याचा भाग मात्र सुखाचा. दोन त्रिकोण समोरासमोर ठेवून मशीनखाली सारायचे, ते पलीकडे निघाले की दोरा न तोडता पुढचे दोन. मशीन थांबत नाही, पायाची लय तुटत नाही, आणि मागच्या बाजूला त्रिकोणांची माळ गणपतीतल्या पताकांसारखी लोंबत टेबलाखाली उतरत जाते. मग कात्रीने एकेक सुटा करायचा, उघडायचा, शिवण गडद रंगाच्या बाजूला वळवून इस्त्री दाबायची. ती गडदकडे वळवायची याला कारण आहे: उजळ कापडाखालून काळी शिवण दिसू नये. दुसरंही कारण आहे. शेजारच्या तुकड्याची शिवण उलट दिशेला गेलेली असेल, तर दोन्ही एकमेकींना खेटून बसतात आणि चारी कोपरे एका टिंबावर मिळतात. बोटाला ते बसणं कळतं. डोळे मिटूनही कळतं. त्या टिंबावर चारही टोकं जुळली की मी घरात कुणाला तरी हाक मारून दाखवते. कोणी येत नाही, मग मीच पुन्हा एकदा बघते.

साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल असतो दर रविवारी. "झाली का गं गोधडी?" मी कॅमेरा डब्यांवर फिरवते. आइस्क्रीमचे धुतलेले डबे, वर चिठ्ठ्या. "अगं, हे सगळे तुकडेच की अजून!" त्यांनी आयुष्यभर वाकळा घातल्या. त्यांच्या वाकळेची प्रगती अंधारात हात फिरवूनही सांगता येते: धावदोरा काठावरून सुरू होऊन आत आत सरकतो, जितका भाग उबदार तितकं काम झालेलं. माझं काम सुरू होऊन थंडी आली, बर्फ पडला, आणि दाखवायला काय, तर चिठ्ठ्या लावलेले डबे. आई म्हणाल्या, "त्या बाईंचा फोन नंबर आहे ना तुझ्याकडं? मग लाव की फोन आणि विचार, शेवटी काय करायचंय ते. एका दमात होऊन जाईल." मी म्हटलं, "आई, विचारायचं नसतं. तीच तर मजा." त्यावर थोडा वेळ शांतता. मग, "बरं. आणि तोवर पांघरता काय?"

याला आमच्या गटात उत्तर नाही. तिथे प्रगती विचारली की प्रत्येकजण आकडा सांगते, "मी तिसऱ्यावर," "माझा चौथा इस्त्रीला," आणि ज्या अजून पहिल्यावर आहेत त्या कॉफी आणायला उठतात. अर्ध्यात राहिलेल्या कामाला इथे यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्टचं लघुरूप. प्रत्येकीच्या कपाटात अशी दोन-चार उतरलेली असतात. तरी रहस्याच्या गोधड्या तुलनेने कमी अडकतात असं माझं निरीक्षण आहे. चित्र माहीत असलेली गोधडी अर्ध्यावर सोडवते, कारण पुढे काय होणार ते डोळ्यांपुढे झालेलंच असतं. या गोधडीत निदान कुतूहलापोटी तरी मशीनवर बसावं लागतं. माझ्या बाकीच्या आयुष्याचं कॅलेंडर फ्रिजवर लावलेलं आहे: व्हिसाच्या तारखा, तिकिटं, मुलांच्या परीक्षा, दातांचा डॉक्टर, पुढच्या वर्षीच्या गणपतीत पोळ्या कुणी आणायच्या तेसुद्धा. ठरवायची मनाई असलेली घरातली एकमेव गोष्ट म्हणजे ही गोधडी, आणि खरं सांगायचं तर मला ते फार मानवलंय.

न ठरवता शिवणं आपल्याकडेही आहे. उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी बायका 'कवंद' शिवतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या गोधडीचा आराखडा काढलेला नसतो. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, हाताला येईल तो तुकडा ठेवायचा, काठाकाठाने टाके घालत मध्याकडे यायचं, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी 'फुला' बसवल्याशिवाय ती पुरी झाली म्हणायचं नाही. शेवट तिथेही माहीत नसतो. पण तो कुणाच्याच कपाटात कुलपात नसतो, हा फरक. आमच्या बाईंना सगळं माहीत असतं, हेच तर छळतं.

तर, पाचवा लिफाफा. पिवळा निघाला, तोही अगदी थोडा. समरकंदच्या तज्ज्ञाने "सोन्याचा मुलामा" म्हणून विषय मिटवला आणि झोपायला गेला. मी सगळे डबे ओळीने मांडले. काळा, पांढरा, हिरवा, गुलाबी, फिरोजी, पिवळा. आणि मला ती ओसरी आठवली.

मिशिगनच्या उत्तर भागात, लेक ह्युरॉनमध्ये, मॅकिनॉ बेट आहे. आमच्या गावाहून साडेचार तास मोटारीने आणि मग बोटीने. ज्या राज्याने जगाला मोटारी दिल्या त्याच राज्यातल्या या बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाडी, सायकल नाहीतर पाय. आम्ही गेलो तेव्हा नवऱ्याला दिवसभर कुणीतरी आपला जातीने अपमान करतंय असं वाटत होतं. बेटावर दोनच वास: घोड्यांचा आणि फजचा. फज खायला येणाऱ्या आमच्यासारख्यांना तिथले लोक 'फजी' म्हणतात. टेकडीवर ग्रँड हॉटेल. रेल्वे आणि आगबोट कंपन्यांनी मिळून बांधलेलं, सगळं लाकडी, १८८७ साली उघडलेलं, म्हणजे नवऱ्याच्या मध्ययुगीन फ्लॉरेन्सचं जुळं भावंड. त्याची ओसरी ६६० फूट लांब, खांबांची रांग नजर पोचेल तिथवर. जगातली सगळ्यात लांब, असं हॉटेलचं म्हणणं. तिथे मुक्कामाला नसलेल्यांना तिकीट काढून वर जावं लागतं. ओसरीवर यायला तिकीट! आमच्या आजोळी ओसरीवर वाटसरूला बसवून आधी गूळपाणी देत. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी साडेसहानंतर तर पुरुषांना कोट-टायशिवाय वावरू देत नसत. त्याआधीच आम्ही बोटीवर होतो.

पण आतली सजावट मी विसरलेले नाही. डोरोथी ड्रेपर यांचे शिष्य कार्लटन व्हार्नी यांनी ती कित्येक दशकं सांभाळली. गुलाबी, हिरवा, काळा, फुलांचे गालिचे, एकमेकांशी भांडायला हवेत असे रंग, आणि ते भांडत नाहीत. दोन खोल्या एकसारख्या नाहीत, हे हॉटेल अभिमानाने सांगतं.

आता बॉनी हंटर यांचं २०१४ सालचं रहस्य. नाव 'ग्रँड इल्यूजन'. ते त्यांना सुचलं याच हॉटेलच्या रंगांवरून, आणि ते रंग म्हणजे माझ्यासमोर मांडलेले डबे. तेव्हा आमच्या गटातली कुणीही चटकन म्हणेल, बाई तीच इमारत पुन्हा कशाला घेतील? आणि म्हणूनच त्या घेतील. चाळीस वर्षं मुलांना पुस्तकं शोधायला लावलेली बाई आहे ती. सगळ्यांनी आधीच वगळलेल्या जागी ठेवा ठेवायचा, ही पक्की अर्नाळकरी चाल. शिवाय त्या 'प्रवासात' म्हणाल्या होत्या. 'परदेशात' आपण धरून चाललो.

मी हे घरात बोललेले नाही. नवरा समरकंदची तिकिटं किती पडतात ते बघतोय, तेव्हा एवढ्यात बोलायची घाईही नाही. गोधडीचा नकाशा अजून कळलेला नाहीच. रंग जुळले म्हणजे आकार जुळला असं नव्हे, आणि त्या ६६० फुटांचं माझ्या पलंगाच्या मापात बाई काय करणार आहेत, याचा मला काडीइतका पत्ता नाही.

पुढचा लिफाफा शुक्रवारी. त्या ओसरीवरच्या कुंड्यांत लाल जिरेनियम ओळीने लावलेली असतात, तेव्हा लाल निघाला तर माझी खात्री पटेल. तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी कुणी गोधड्या शिवत असेल आणि एव्हाना सगळं ताडून बसलेलं असेल, तर कृपा करून मला कळवू नका. नवऱ्याला कळवायला हरकत नाही. तो कुणाचं ऐकत नाही.